गोरी, चटकन पोळणारी त्वचा: ठाणे-नवी मुंबईच्या उन्हासाठी काय निवडावे, कसे वापरावे

उन्हापासून संरक्षण म्हटले की आपल्याकडे माणूस थेट औषधांच्या दुकानात जातो, दुकानदार सनस्क्रीनची ‘पन्नासवाली’ एखादी ट्यूब काढून देतो आणि विषय तिथेच संपतो. ट्यूब वाईट नसते. पण ती शेवटची पायरी आहे आणि आपण सुरुवात तिच्यापासूनच करतो. ज्यांची त्वचा गोरी आहे आणि उन्हात रापण्याऐवजी लालबुंद होऊन पोळते, त्यांनी आधी बाहेर पडण्याची वेळ, मग सावली, मग अंगावरचे कापड आणि या तिन्हींतून जे उघडे उरेल त्यापुरती क्रीम, या क्रमाने निवड करावी असे माझे मत आहे. त्यामागचे कारण इथल्या हवेत आहे. खाडीच्या दोन काठांवरच्या या शहरांत मार्च उजाडला की सकाळी आंघोळ करून निघालेला माणूस स्थानकावर पोहोचेपर्यंत घामाने निथळतो आणि घामाबरोबर क्रीमही ओघळते. टोपी मात्र ओघळत नाही.

पहिली पायरी: आपली त्वचा खरोखर पोळते का, हे ठरवणे

अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेची एक वर्गवारी मांडली आणि ती पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढली. तिचा पाया दिसणारा रंग हा नसून उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते हा आहे. पहिल्या प्रकारची त्वचा नेहमी पोळते आणि कधीच रापत नाही, दुसऱ्या प्रकारची सहज पोळते आणि जेमतेम रापते, तर तिसऱ्या प्रकारची कधी पोळते आणि हळूहळू रापते. आपल्याकडे ज्यांना गोरे म्हटले जाते त्यांतले बरेच जण तिसऱ्या प्रकारात बसतात. म्हणून ‘मी गोरी आहे’ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मागच्या दोन-तीन उन्हाळ्यांत आपले काय झाले होते, ते आठवून पाहावे.

आठवताना एक गल्लत टाळावी. उन्हातून घरी आल्याबरोबर लाल दिसणारा चेहरा पंख्याखाली अर्ध्या तासात पूर्ववत झाला, तर ती केवळ उष्णतेने आलेली लाली असते. पोळणे उशिरा कळते. उन्हातून आल्यावर तीन ते पाच तासांनी लाली चढू लागते, साधारण बारा ते चोवीस तासांत ती सर्वाधिक होते, जागा हाताला गरम लागते आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीचे पाणी अंगावर पडताच झोंबते. हा उशीर फसवा आहे, कारण ‘लाल व्हायला लागले की सावलीत जाऊ’ हा बेत मुळातच उपयोगाचा राहत नाही. लाली दिसेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. खाज सुटणारे बारीक पुरळ हे पोळण्याचे लक्षण नव्हे. ते घामोळे असू शकते किंवा प्रकाशाची ॲलर्जी असू शकते, आणि ते वारंवार उठत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

कोड असलेल्या व्यक्तींच्या पांढऱ्या डागांत रंगद्रव्य नसते, त्यामुळे बाकीची त्वचा सावळी असली तरी तेवढा भाग पहिल्या प्रकारासारखाच पोळतो. वर्णकहीनता, म्हणजे अल्बिनिझम, असलेल्यांच्या बाबतीत हे सर्वांगाला लागू होते. त्यांनी पुढील प्रत्येक पायरी वर्षभर पाळावी आणि डोळ्यांची व त्वचेची नियमित तपासणी करून घ्यावी. आणखी एक गट आहे, ज्याच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. गोरे होण्यासाठी डॉक्टरांना न विचारता स्टिरॉइड असलेल्या क्रीम महिनोन्‌महिने लावणाऱ्यांची त्वचा पातळ होते आणि पूर्वी कधी न पोळलेला चेहरा साध्या उन्हातही भगभगू लागतो. अशा वेळी सनस्क्रीन निवडत बसण्याआधी ती क्रीम घेऊन डॉक्टरांकडे जावे.

दुसरी पायरी: वेळ

त्वचा पोळते ती उष्णतेने नव्हे, तर सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी. त्यांपैकी यूव्ही-बी हे किरण मुख्यतः पोळवतात. यूव्ही-ए हे त्वचेत अधिक खोल जातात आणि काळवंडणे, डाग, सुरकुत्या यांना हातभार लावतात. दीर्घकाळात त्वचेच्या कर्करोगाचा धोका दोन्हींमुळे वाढतो. हवेचे तापमान आणि या किरणांची तीव्रता यांची सांगड आपण मनात पक्की घालून बसलेलो असतो, आणि गोऱ्या त्वचेच्या माणसाची फसगत नेमकी तिथेच होते.

माझी स्वतःची फसगत फेब्रुवारीत झाली. ऐरोलीहून रोहित पक्षी पाहायला बोटीने खाडीत गेलो होतो. सकाळचे साडेदहा वाजले होते, खारे वारे सुटले होते, अंगावर अक्षरशः शहारा येत होता आणि डोक्यावर पुढे झडप असलेली साधी टोपी होती. दोन तासांनी परतलो तेव्हा काहीच जाणवले नाही. रात्री मात्र कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू उशीला टेकवता येईना. दोष मी बराच काळ पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या किरणांना देत होतो, पण सूर्य वर असताना पाणी अतिनील किरणांचा दहा टक्क्यांहून कमी भाग परत फेकते. खरे कारण साधे होते: माथ्यावर मोकळे आकाश, चुकीची वेळ आणि चुकीची टोपी.

ही वेळ मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेला यूव्ही निर्देशांक वापरावा. तो मोबाइलवरील हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तापमानाच्या आसपासच दिसतो. ० ते २ कमी, ३ ते ५ मध्यम, ६ आणि ७ उच्च, ८ ते १० अति उच्च आणि ११ पासून पुढे आत्यंतिक, अशी त्याची प्रतवारी आहे. निर्देशांक ३ झाला की संरक्षण सुरू करावे, असा संकेत आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वच्छ आकाश असेल तर तो सकाळी नऊच्या सुमारासच ३ ओलांडतो आणि दुपारी ११ च्या पुढे जातो. डिसेंबरच्या सुखद दुपारीही तो ६-७ च्या घरात असतो. स्वेटर काढावा की नाही असा प्रश्न पडावा अशा हवेत हा आकडा ‘उच्च’ असतो, हे विसरू नये.

‘दहा ते चार बाहेर पडू नका’ हा नियम सर्वत्र छापलेला दिसतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ठाणे जवळपास ७३ अंशांवर आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे. ऋतूप्रमाणे ही वेळ साधारण बारा वीस ते बारा पंचावन्न यांच्या दरम्यान सरकते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की सकाळी दहाचे ऊन आणि दुपारी सव्वातीनचे ऊन किरणांच्या हिशेबाने जवळपास सारखेच असते, जरी पहिले सोसवते आणि दुसरे रणरणते वाटते. दुसरा अर्थ अधिक गैरसोयीचा आहे. महापे, ऐरोली, बेलापूर येथील कार्यालयांत जेवणाची सुट्टी एकच्या सुमारास होते, आणि डबा खाऊन इमारतीभोवती शतपावली घालण्याची किंवा रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेण्याची वेळ म्हणजे दिवसातील जवळजवळ सर्वांत तीव्र किरणांची वेळ. पोळणाऱ्या त्वचेच्या माणसाने ही फेरी चारनंतर घालावी. एवढा एक बदल महागड्या ट्यूबपेक्षा जास्त काम करतो.

ॲप नसेल तर सावलीकडे पाहावे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन पोळवणारे आहे असे समजावे. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस इथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर असतो. जुलैतील त्या दिवशी बहुधा पाऊस असतो म्हणून कुणाचे लक्ष जात नाही. पण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच मोठा भाग खाली येतो आणि पावसाने उघडीप दिली की तासाभरात त्वचा पोळू शकते.

तिसरी पायरी: सावली

सावली थोडक्यात सांगता येईल. दुपारीसुद्धा अतिनील किरणांचा सुमारे अर्धा वाटा थेट सूर्याकडून न येता आकाशातून विखरून येतो, म्हणून सावलीतून जितके कमी आकाश दिसेल तितकी ती सावली चांगली. तलावपाळीवरच्या दाट झाडाखाली बसणे आणि पाम बीच रस्त्यावर एकटी छत्री धरून चालणे यांत यामुळेच फरक पडतो. तरीही उघड्यावर चालताना छत्री असावीच. जाड कापडाची आणि आतून गडद अस्तर असलेली घ्यावी.

ट्रान्स हार्बर मार्गाने ठाण्याहून सकाळी निघणाऱ्यांसाठी एक जोड-सूचना. गाडी तुर्भ्यापर्यंत बहुतांशी दक्षिणेकडे जाते, त्यामुळे ऊन डाव्या खिडक्यांतून येते. संध्याकाळी परतताना दिशा आणि सूर्य दोन्ही बदललेले असतात, म्हणून ऊन पुन्हा डावीकडेच असते. बसायला जागा मिळण्याचे भाग्य असेल, तर दोन्ही वेळा उजवी बाजू निवडावी. मोटारीत किंवा वातानुकूलित बसमध्ये काच लावलेली असेल तर यूव्ही-बी अडतात आणि पोळण्याची भीती उरत नाही. मात्र बाजूच्या काचांतून यूव्ही-ए बऱ्याच प्रमाणात आत येतात. रोज मोटार चालवणाऱ्यांचा खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा लवकर काळवंडतो, तो यामुळेच.

चौथी पायरी: कापड, टोपी, चष्मा

उन्हाळ्यात पांढरे, पातळ, सुती कापड घालावे हा आपल्याकडचा पिढीजात सल्ला उकाड्यासाठी योग्य आहे, पण पोळण्यापासून वाचण्यासाठी अपुरा आहे. किरण अडवते ती विणीची घट्टता. मलमलीच्या पांढऱ्या सदऱ्यातून बरेच किरण आत येतात आणि तो घामाने ओला होऊन अंगाला चिकटला की आणखी येतात. घरीच परीक्षा करावी: कापड एकेरी धरून दिव्यासमोर न्यावे, आणि दिव्याचा आकार स्पष्ट दिसत असेल तर ते कापड उन्हासाठी बाद समजावे. त्याच वजनाच्या कापडांत गडद रंग फिक्या रंगापेक्षा अधिक किरण शोषून घेतो, म्हणून घट्ट विणीचे, पण अंगाला सैल, निळे किंवा तपकिरी सुती कापड हा मला सर्वांत व्यवहार्य मध्यममार्ग वाटतो. काही कपड्यांवर यूपीएफ असा आकडा असतो. यूपीएफ ५० म्हणजे त्या कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत जातो. पोहणाऱ्या मुलांसाठी पूर्ण बाह्यांचे असे पोशाख घेणे हा खर्च सार्थकी लागतो, कारण पाण्यात कुठलीच क्रीम फार काळ टिकत नाही.

घोडबंदर रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्यांना सनकोटाची ओळख करून देण्याची गरज नाही. फक्त निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. कापड वरच्या दिव्याच्या परीक्षेत उतरावे, गळा वरपर्यंत बंद व्हावा आणि बाहीचे टोक पंजाच्या पाठीवर येईल इतके लांब असावे. हँडलवर ठेवलेल्या हातांच्या पाठी सूर्याकडे अगदी आडव्या पसरलेल्या असतात आणि सर्वांत आधी तिथेच पोळते. शिरस्त्राणाखालून मानेची मागची बाजू उघडी राहते, तिच्यासाठी ओढणी किंवा रुमाल आधी बांधून मग शिरस्त्राण घालावे.

टोपी चहूबाजूंनी काठ असलेली असावी आणि काठ किमान साडेसात सेंटीमीटर, म्हणजे साधारण चार बोटे रुंद असावा. क्रिकेटची पुढे झडप असलेली टोपी कान आणि मान वाऱ्यावर सोडते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत फेटा बांधून मिरवणाऱ्यांचे कपाळ आणि डोके वाचते, पण कान व गाल उघडेच असतात. ढोल-ताशा पथकातील गोऱ्या मुलामुलींनी त्या दिवशी घरून निघतानाच तेवढ्या भागाला सनस्क्रीन लावावे, कारण यात्रा संपेपर्यंत ऊन बरेच वर आलेले असते. चष्मा घेताना काच किती काळी आहे हे पाहू नये. त्यावर यूव्ही ४०० लिहिलेले आहे का हे पाहावे. संरक्षण नसलेल्या काळ्या काचेमागे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि उलट जास्त किरण आत जातात.

पाचवी पायरी: सनस्क्रीनची निवड

एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्ही-बी किरणांपासूनचे, म्हणजे पोळण्यापासूनचे संरक्षण सांगतो. एसपीएफ ३० हे सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० हे सुमारे ९८ टक्के किरण अडवते, तेव्हा एका टक्क्यासाठी जास्त पैसे कशाला, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. पोळणाऱ्या त्वचेच्या माणसाने हा हिशेब उलट बाजूने करावा. त्वचेला इजा करतात ते अडलेले किरण नव्हेत, तर आत शिरलेले. ३० मधून तिसावा भाग आत शिरतो आणि ५० मधून पन्नासावा, म्हणजे पहिल्यातून दुसऱ्याच्या सुमारे पावणेदोनपट किरण त्वचेपर्यंत पोहोचतात. म्हणून या त्वचेसाठी मी ५० च सुचवीन. हा आकडा ‘पन्नासपट वेळ उन्हात राहा’ असा परवाना मात्र नव्हे, कारण सकाळी आठची पंधरा मिनिटे आणि दुपारी एकची पंधरा मिनिटे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

यूव्ही-ए साठी वेगळी खूण पाहावी लागते. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांवर जपानमध्ये रूढ झालेली पीए ही खूण असते आणि तिच्यापुढे एक ते चार अधिक-चिन्हे असतात. निदान तीन, शक्यतो चार असावीत. ती नसेल तर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द शोधावेत. तिसरी खूण पाण्यात व घामात टिकण्याची, म्हणजे ‘वॉटर रेझिस्टंट’ अशी. ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘दिवसभर एकदाच’ अशा दाव्यांवर विश्वास ठेवू नये.

घटकांच्या बाबतीत गोऱ्या त्वचेला एक दुर्मीळ सवलत आहे. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या खनिजांवर आधारलेले सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर राखट-पांढरा थर ठेवते आणि त्यामुळे अनेक जण ते टाळतात. गोऱ्या चेहऱ्यावर तो थर फारसा दिसत नाही. संवेदनशील, पोळलेल्या किंवा सहज चुरचुरणाऱ्या त्वचेला, लहान मुलांना आणि डोळ्यांच्या आसपासच्या भागाला खनिज सनस्क्रीन सहसा अधिक मानवते. रासायनिक घटकांचे हलके जेल दमट हवेत कमी चिकट वाटते आणि म्हणून पुरेसे लावले जाते, हीही जमेची बाजू आहे. ज्याची आपल्याला कटकट वाटणार नाही ते घ्यावे, आणि नवीन ट्यूब चेहऱ्यावर लावण्याआधी तीन-चार दिवस कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहावी. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र सनस्क्रीन लावण्याऐवजी सावलीत आणि कपड्यांत ठेवावे.

सहावी पायरी: लावणे

बहुतेकांचे संरक्षण इथे फसते. ट्यूबवरचा आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलीग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो, आणि प्रत्यक्षात माणसे त्याच्या पाव ते निम्मा थर लावतात. निम्म्या थराने ५० चा आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली उतरतो. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मध्यमा या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा हे सोपे माप आहे. समुद्रावर किंवा जलतरण तलावावर सर्वांगाला लावायचे असेल, तर चेहरा व मान, छाती-पोट, पाठ, दोन हात आणि दोन पाय यांना प्रत्येकी एक असे सात छोटे चमचे, म्हणजे सुमारे ३५ मिलीलीटर लागते. दिवसातून दोनदा चेहऱ्याला नीट लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन-चार आठवड्यांत संपते. तुमची ट्यूब दिवाळीपासून होळीपर्यंत पुरली असेल, तर ती कंजूषपणे वापरली गेली आहे.

घरातून निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे आणि बाहेर असेपर्यंत दर दोन तासांनी, तसेच घाम टिपल्यावर किंवा पोहून आल्यावर पुन्हा लावावे. नोकरदारासाठी हे असे बसते: सकाळी आठला घरी, आणि दुपारी बाहेर पडणे टळत नसेल तर त्याआधी कार्यालयात चेहरा टिपून पुन्हा. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, केसांचा भांग किंवा टक्कल, ओठ आणि चपलेच्या पट्ट्यांमधून उघडी राहणारी पावले हमखास विसरली जातात. ओठांसाठी एसपीएफ असलेले लिप बाम वेगळे ठेवावे. येऊरला जाताना डासांचे मलमही लावायचे असेल, तर आधी सनस्क्रीन आणि ते मुरल्यावर मलम लावावे. ट्यूब स्कूटरच्या डिकीत किंवा मोटारीत ठेवू नये. तिथल्या उष्णतेने ती मुदतीआधीच निकामी होते.

सातवी पायरी: घरात काय आहे ते तपासणे

काही औषधांमुळे त्वचा एरवीपेक्षा लवकर पोळते. मुरुमांवरचे रेटिनॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्यांतील हायड्रोक्लोरोथायझाइड आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक ही त्यांतली नेहमीची नावे. डॉक्सिसायक्लिनचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यानंतर लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्टर ते देतात, आणि त्या दिवसांत उन्हाचा विचार कुणाच्या मनात नसतो. गोळी स्वतःहून बंद करू नये. कापड आणि टोपी वाढवावी.

स्वयंपाकघरातला धोका लिंबाचा आहे. डाग जावेत म्हणून चेहऱ्याला लिंबू चोळून किंवा सरबत करताना हातांवर उडालेला रस न धुता उन्हात गेल्यास त्या जागी फोड येऊ शकतात आणि नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. खोबरेल तेल आणि हळद-चंदनाचा लेप यांची आपल्या घरांत प्रतिष्ठा मोठी आहे, परंतु दुपारच्या उन्हात सनस्क्रीनच्या जागी त्यांवर विसंबता येत नाही. उन्हापासून एवढे दूर राहणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाची पातळी डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावी. ती कमी निघाली तर गोळ्यांनी भरून काढता येते, पोळून घेण्याची गरज नसते.

एवढे करूनही पोळले तर

लगेच सावलीत जावे, त्या जागेवर साधे गार पाणी सोडावे किंवा ओला रुमाल दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. बर्फ थेट लावू नये. त्वचा किंचित ओलसर असतानाच सुगंधरहित मॉइश्चरायझर लावावे आणि पाणी भरपूर प्यावे. फोड आले तर फोडू नयेत. मोठ्या भागावर फोड, ताप, थंडी वाजणे, उलट्या किंवा चक्कर यांपैकी काही असेल, अथवा पोळलेले लहान मूल असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. काही दिवसांनी सुटणारी साल ओढून काढू नये; तिच्याखालची कोवळी त्वचा आणखी लवकर पोळते, म्हणून त्या आठवड्यात तो भाग क्रीमऐवजी कापडानेच झाकावा.